बाबा कागदावर उतरेनात

माझ्या धंद्यात एक वाक्य असं आहे की ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. ‘स्क्रीन पर तो अच्छा दिख रहा था, दीदी.’ गिऱ्हाईक काउंटरवर प्रिंट ठेवतं, त्यावर बोट टेकवतं आणि हे म्हणतं. माझं उत्तरही ठरलेलं. ‘स्क्रीन में बत्ती है, कागज में नहीं है.’ एवढं बोलून मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची. पटलं तर ठीक, नाही तर जबलपुरात फोटोवाले काही कमी नाहीत.

माझं दुकान गोहलपुरात. एका अंगाला वेल्डिंगवाला, दुसऱ्या अंगाला कुलर दुरुस्त करणारा. शटर वर केलं की रस्त्यावरचा उजेड सरळ आत येतो आणि वर ट्यूबलाइट दिवसभर चालूच. जुना डब्यासारखा मॉनिटर जाऊन नवा चपटा आला, तेव्हा विकणाऱ्याने तो जोडून दिला तसाच मी वापरायला घेतला. पूर्ण उजेडावर. लग्नाचे अल्बम त्यावर असे झगमगायचे की नवरदेवाची आई खुर्चीतून उठायला मागत नसे. रंगीत प्रिंट मी बाहेरच्या मोठ्या लॅबमधून करून आणायची. काळे-पांढरे मात्र माझ्याच कोपऱ्यातल्या प्रिंटरवर निघायचे.

काळं-पांढरं काम म्हणजे गेलेल्या माणसांचं काम. पनागरहून, कुंडमकडून लोक प्लास्टिकच्या पिशवीत घडी पडलेला फोटो घेऊन यायचे. कधी रेशनकार्डावरचा, कधी कुठल्या वरातीतला, ज्यात आजोबा मागच्या रांगेत अर्धे झाकलेले. तो मोठा करून भिंतीवर लावायचा असे. आणि जाता जाता प्रत्येक जण हळूच सांगायचा, ‘थोड़ा साफ कर देना.’ साफ म्हणजे गोरं. मेलेल्या माणसाला गोरं करा, असं तोंडानं कोणी म्हणत नाही. पण आमच्या धंद्यात ते सांगावंही लागत नाही. फोटो उघडला की हात आधी चेहऱ्याकडे जातो, गाल उजळतो, कपाळ उजळतं, मग बाकीच्या चिरा बुजवतो. या जिल्ह्यातले कितीतरी म्हातारे मी त्यांच्या हयातीपेक्षा उजळ करून भिंतीवर चढवले आहेत आणि त्यांच्यापैकी एकानेही तक्रार केलेली नाही.

बाबा गेले ते थंडी संपता संपता. तरुणपणी भंडाऱ्याकडून फॅक्टरीच्या नोकरीसाठी आले, सगळी उमर भट्टीवर काढली. मुळात काळे, त्यात भट्टीची धग. फोटोचा त्यांना भारी कंटाळा. घरातल्या लग्नांच्या अल्बममध्ये ते एक तर पाठमोरे आहेत, नाही तर डोळे मिटलेले, नाही तर जेवणाच्या मांडवाकडे बघत असलेले. पोरगी फोटोवाली, आणि बापाचा धड फोटो नाही. एकच होता, त्यांच्या लग्नानंतर लगेच स्टुडिओत काढलेला, तळहाताएवढा. पांढरा शर्ट, गुडघ्यावर हात, नजर सरळ.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला टेबलावर ठेवायला फोटो हवा होता आणि तो मी सोडून कोण करणार? तोच चिमुकला फोटो मोठा केला, रोजच्या हातानं साफ केला, चौकट बसवली. पांढऱ्या चादरीवर बुद्धाच्या मूर्तीच्या बाजूला ठेवला. मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. शेजारचे म्हणाले, किती छान दिसून राहिले. आईनं एकदा बघितलं आणि समोरची फुलं सारखी केली. मी त्या दिवसांत रडले नाही. नागपूरहून आलेली आत्या मला ऐकू जाईल अशा बेतानं कोणाला तरी म्हणाली, ‘पोरगी दगडाची हाये.’ असेन. पण कॅटररपासून चौकटीपर्यंत सगळं त्या दगडानंच पाहिलं होतं.

पावसाळ्यात एकदा भाजी घेऊन आईकडे गेले. ती गॅसपाशी पोळ्या लाटत होती. पाठ न वळवता म्हणाली, ‘बाई, मले तुझ्या बाबाचा चेहरा आठवून नाही राहिला.’

मी म्हटलं, ‘फोटो लावलाय ना समोर.’

‘तो त्यायचा नाही,’ ती म्हणाली. ‘आवाज आठवते. चालणं आठवते. चेहरा आठवाले बसली का तो फोटोवालाच येते समोर. त्याले पाहू पाहू जो खरा होता तोही गेला.’

बाहेरच्या खोलीत जाऊन पाहिलं तर भिंतीवर खिळा होता, फोटो नव्हता. तो तिनं पेटीमागे ठेवला होता, तोंड भिंतीकडे करून. मला राग आला, कारण मी केलेलं काम आजवर कोणी असं उलटं ठेवलं नव्हतं. मग पोळी खाता खाता तिच्याकडे बघितलं आणि राग ओसरला. चाळीसएक वर्षांचा संसार, आणि डोळे मिटले की समोर परका माणूस येतो, हे तिला खरंच सोसवत नव्हतं.

मूळ फोटोला पावसाळ्यानं बुरशीचे ठिपके आणले होते. तो दुकानात नेऊन मी भरपूर मोठा स्कॅन केला. दुसऱ्या दिवशी आई ऑटो करून आली. मी फक्त ठिपके काढले होते, चेहऱ्याला हात लावला नव्हता. पडदाभर बाबा उघडले. आई पुढे वाकली, मग पदर सारखा केला.

‘हे होय,’ ती म्हणाली. ‘हे आहेत.’

मला हायसं वाटलं. आता काय, एक बटण दाबायचं. प्रिंटरनं कागद बाहेर ढकलला आणि तो मी तिच्या हातात दिला. डोळ्यांच्या जागी दोन खळगे. केस आणि मागचा पडदा एकच होऊन गेलेले. शर्ट चार दिवस न धुतल्यासारखा. आईनं कागद बघितला, स्क्रीन बघितली, परत कागद बघितला.

‘हे नाहीत,’ म्हणाली आणि कागद माझ्या मांडीवर ठेवला.

मी उजेड वाढवून दुसरा काढला. डोळे दिसू लागले, पण त्यांच्याबरोबर गालही वर आला. ‘हा कोणाचा गोरागोमटा पोरगा आणला?’ तिसरा मधला काढला, तो ट्यूबखाली हिरवट दिसला आणि शटरजवळ नेला तर तपकिरी, कारण माझा प्रिंटर काळ्यात थोडे थोडे रंग मिसळतो. आई प्रत्येक कागद आधी आत बघायची, मग दारात नेऊन बघायची आणि येऊन तेच म्हणायची. शाई महाग, कागद महाग, आणि गिऱ्हाईक असं की हाकलताही येत नाही.

त्यानंतर ती रोज दुपारी यायला लागली. प्लास्टिकचं स्टूल ओढून मॉनिटरसमोर बसायची. मला वाटायचं, काम कुठवर आलं ते बघायला येते. पण तिला कामाचं काहीच पडलं नव्हतं. ती बाबांना बघायला येत होती. मी एखाद्या लग्नाचा अल्बम उघडला की म्हणायची, ‘काहून झाकलं त्यायले? राहू दे ना एका कोपऱ्यात.’ मग एका कोपऱ्यात बाबा आणि उरलेल्या जागेत कोणाची तरी हळद, असं माझं काम चालायचं. गिऱ्हाइकांना वाटे, म्हातारी दुकानात कामाला ठेवली आहे. वेल्डिंगवाला तिला चहा पाठवायचा.

धाकटा भाऊ एकदा तिला न्यायला आला. तो जन्मापासून इथलाच, मराठी समजते सगळी, बोलताना मात्र अर्ध्यात हिंदीची गाडी पकडतो. पहिला स्मृतिदिन थंडीच्या शेवटी होता आणि त्याच्या सासरची माणसं येणार होती.

‘दीदी, थोडे साफ करून टाक ना. क्या प्रॉब्लेम है? पहिलावालाच अच्छा था.’

‘साफच होते ते,’ आई स्टुलावरून म्हणाली. ‘रोज आंघोळ करत होते.’

‘आई, तसं नाही ना. लोक देखते हैं. इतना काला फोटो...’

‘काळेच होते तुझे बाबा. लग्नात माझी मावशी म्हणे, पोरगा अंधारात सापडाचा नाही. मले बरोबर सापडले. तुलेच काहून लाज वाटून राहिली?’

भाऊ माझ्याकडे बघू लागला, मी कीबोर्डाकडे. तिला मागे बसवून तो स्कूटर घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी आईवर ओरडले. तिनं आणखी एक कागद नाकारला आणि मॉनिटरकडे बोट दाखवून म्हणाली, ‘असेच पाहिजेत, इथल्यासारखे.’ मी म्हणाले, कागदात बत्ती नसते आई, हे मशीन आहे, हा कागद आहे, दोन्ही एक होत नाहीत, जगात कुठेच होत नाहीत. कुलरवाला डोकावून गेला. आई स्टुलावरून उठली. ऑटो बघून घरी गेली.

तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि वीज गेली. त्या काळी वीज जाणं ही काही बातमी नव्हती. ट्यूब विझल्या, मॉनिटर तेवढा बॅटरीवर सुरू राहिला. अंधारलेल्या दुकानात तो एकटाच इतका भगभगत होता की मी डोळे बारीक केले. नाकारलेला कागद हातातच होता, तो मी सहज त्याच्याशेजारी धरला. कागदाची पांढरी कड राखेसारखी दिसली. कोरी कड, जिथं शाईचा थेंब नव्हता. बाबा काळे पडले नव्हते, कागदच त्या दिव्यापुढे काळा पडला होता.

मी वर्षानुवर्षं ज्या बत्तीचं कारण लोकांच्या तोंडावर फेकत होते, ती बत्ती कमी करता येते हे माझ्या टाळक्यात कधी शिरलं नव्हतं. सगळा वेळ मी कागदाला मॉनिटरपर्यंत चढवायला बघत होते. उतरायला मॉनिटरनं हवं होतं. वीज आल्यावर स्क्रीनवर नुसता पांढरा चौकोन उघडला, शेजारी कोरा कागद धरला आणि दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत उजेड खाली आणत गेले. आणत आणत पार तळाशी आले. समोरच्या टेबलावरचं गुलाबी प्लास्टिक काढलं, कारण त्याचा रंग कागदावर पडत होता. मॉनिटरच्या डोक्यावरची ट्यूब कायमची बंद केली. मग बाबा उघडले. डोळ्यांच्या जागी दोन खळगे. आता स्क्रीनही तेच सांगत होती जे कागद पहिल्या दिवसापासून सांगत होता. मला आनंद झाला. धंद्यातला आनंद, पण खराखुरा.

आई येईल की नाही, मला शंका होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली, स्टुलावर बसली आणि समोर बघितलं.

‘इथूनही नेलं का त्यायले?’ ती म्हणाली.

कागद, दिवा, पांढरा चौकोन, सगळं सांगायचं मनात होतं. पण मी उठून प्रिंटरची शाई तपासायला गेले.

पुढचं काम सावकाश झालं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या चौकोनांची एक पट्टी छापली, तशीच स्क्रीनवर ठेवली आणि कागदावर कुठले गडद चौकोन एकमेकांत बुडतात ते बघितलं. बाबांचे डोळे, केस आणि कानामागचा भाग नेमके तिथेच होते. तेवढंच हलकं करायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. हे बोलायला सोपं आहे. माझा हात सारखा गालाकडे जायचा, सवयीनं, आणि मी तो मागे घ्यायची. गाल भट्टीवरच्या माणसाचाच राहायला हवा होता. मंद स्क्रीनवर हळूहळू बुबुळं वर आली, मग पापण्या, मग केसांतला भांग. प्रिंट काढली, वाळू दिली, स्क्रीनशेजारी धरली. कागद आणि काच, दोन्हीकडे एकच माणूस होता.

आईनं इकडून तिकडे बघितलं, तिकडून इकडे. ‘हो,’ म्हणाली. ‘आता हेच ते.’

चौकट करून मी स्वतः आईच्या घरी घेऊन गेले आणि जुन्या खिळ्यावर लावली. आमच्या बाहेरच्या खोलीला उजेड फक्त दाराचा. भिंत निळसर हिरवी, डिस्टेंपर जुना. एका बाजूला बुद्धाची तसबीर, मध्ये बाबा. आई खाटेवर बसली, मान तिरपी करून बघू लागली आणि बिचकत म्हणाली, ‘बाई, दुकानात तर चांगले दिसत होते.’

तेच वाक्य, माझ्या जन्मदात्रीच्या तोंडून. मग मला हसू आलं, आणि मी का हसते आहे हे न कळता तीही हसली.

दुकानातल्या उजेडात जुळवलेला फोटो दुकानात टांगण्यासाठी ठीक होता. बाबांना तर इथं राहायचं होतं. मी त्याच चेहऱ्याच्या पट्ट्या छापल्या, एकीपेक्षा एक किंचित हलकी, आणि खिळ्याच्या आजूबाजूला चिकटवून दिल्या. सकाळी दार उघडं असताना बघ, संध्याकाळी बल्बखाली बघ, असं आईला सांगितलं. शेजारणी विचारायच्या, हे इतके डोळे भिंतीवर काहून लावले? भाऊ आला, त्यानं सगळ्यात उजळ पट्टी निवडली. मी मधली निवडली होती. आईनं माझ्या पट्टीच्या अलीकडची, थोडी काळी, त्यावर बोट ठेवलं आणि इतर सगळ्या काढून टाकल्या. भाऊ म्हणाला, ‘चलो, ठीक है.’ पुढे स्मृतिदिनाला त्याच्या सासऱ्यांनी फोटोसमोर हात जोडले आणि रंगाबद्दल कोणीही चकार शब्द काढला नाही.

आईनं निवडलेल्या पट्टीशी मी मॉनिटर जुळवला, त्या खोलीइतका मंद केला, आणि शेवटची प्रिंट काढली. ती नेऊन खिळ्यावर लावली. आईनं चौकटीची काच पदरानं पुसली आणि चहा ठेवायला आत गेली.

नंतर ती दुकानात आली नाही. दुपारी स्टूल रिकामं राहायचं. वेल्डिंगवाल्यानं विचारलं, अम्मा की तबीयत ठीक है ना? ठीक असावी असं मी म्हणाले, पण चार दिवस झाले तेव्हा मलाच राहवेना. वाटलं, परत काहीतरी चुकलं. पुन्हा तो परका माणूस आला की काय तिच्या डोळ्यांपुढे?

शटर खाली ओढून मी आईकडे गेले. मटारचे दिवस होते. पनागरच्या शेंगांचा ढीग घेऊन ती बाहेरच्या खोलीत खाली बसली होती, सुपात दाणे टाकत होती. फोटो बरोबर तिच्या पाठीमागे होता.

मी दारातूनच विचारलं, ‘आई, फोटोकडे पाठ करून काहून बसली? बरोबर नाही झाला का?’

‘बरोबर आहे की.’

‘मग?’

‘आता पाहा नाही लागत,’ ती म्हणाली. ‘दिसून राहिले.’

असं म्हणून तिनं एक शेंग मोडली, दाणे सुपात टाकले आणि समोरची जागा हातानं झाडली.

‘तू बस इकडे, त्यायच्याकडे तोंड करून. तू अजून कुठं पाहिलं त्यायले?’

मी बसले. मांडीवर शेंगा घेतल्या आणि वर बघितलं. मान थोडी डावीकडे कललेली होती, माझी कलते तशी. ती बुबुळं मीच वर आणली होती, तो गाल मीच राखला होता, पण इतके महिने मला तिथं नुसते करडे चौकोन दिसत होते. आता बाबा दिसले आणि मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन रडले. आई शेंगा सोलत राहिली.